लपून ओघळलेला अश्रू

मिरज,
२ ऑगस्ट

प्रिय मंदार,

परवा फोनवर तू म्हणालास, गावातल्या त्या कार्यक्रमानंतर तानपुऱ्याची गवसणी काढलीच नाही. मला तेव्हा काही बोलायला सुचलं नाही. फोन ठेवल्यावर मात्र इटलीचा ऑपेरा गायक एन्रिको कारुझो डोक्यातून जाईना. आज त्याची पुण्यतिथी, म्हणून लिहायलाच बसलो.

१८७३ साली नेपल्समध्ये एका मेकॅनिकच्या घरी तो जन्मला. पंधरा वर्षांचा असताना आई गेली. कारखान्यात काम आणि चर्चमध्ये गाणं, असं त्याचं पोरवय. टेनर म्हणजे पुरुषाचा उंच पट्टीतला आवाज, आणि याचा तर सुरुवातीला वरचा स्वर लावताना आवाज फुटायचा. घोटून घोटून त्यानं तो बसवला. १९०० च्या डिसेंबरात तो मिलानच्या ला स्काला थिएटरात उभा राहिला. दोन महिन्यांनी तिथंच दोनिझेत्तीच्या 'लेलिझीर दामोरे' या ऑपेरात त्यानं नेमोरिनो गाजवला. नेमोरिनो हा भोळा शेतकरी. प्रेमाचं औषध म्हणून साधी दारू विकत घेऊन पितो. दुसऱ्या अंकात त्याला कळतं की आपल्या आवडत्या मुलीच्या डोळ्यांत आपल्यासाठी पाणी आलं होतं. तेव्हा तो 'ऊना फुर्तिवा लाग्रिमा' गातो. लपून ओघळलेला एक अश्रू.

हाच नेमोरिनो घेऊन १९०१ च्या डिसेंबरात तो आपल्या गावी, नेपल्सच्या सान कार्लो थिएटरात गेला. मिलाननं डोक्यावर घेतलेला गावचा पोरगा! पण गावानं त्याला हवं तसं जवळ केलं नाही, टीकाही झाली. ते त्याच्या इतकं जिव्हारी लागलं की नेपल्सच्या रंगमंचावर तो पुन्हा कधी गायला नाही. मंदार, हे वाचलं तेव्हा मला तुझा त्या रात्रीचा चेहरा आठवला. पहिल्या रांगेतली माणसं उठून चालली होती आणि तू डोळे मिटून आलाप संपवत होतास.

त्यानंतर चार महिनेही झाले नव्हते. ११ एप्रिल १९०२, मिलानमधल्या हॉटेलची एक खोली. संगीतकार व्हेर्दीनं वर्षभरापूर्वी याच हॉटेलात प्राण सोडला होता. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेझबर्ग यंत्र मांडून बसलेला. कारुझोनं दहा गाण्यांचे १०० पौंड मागितले. लंडनहून कंपनीची नकाराची तार आली, तरी गेझबर्गनं ध्वनिमुद्रण केलंच. पियानो खोक्यांवर चढवलेला, समोर भिंतीतून आलेला कर्णा. मायक्रोफोन नव्हताच, आवाजाच्या धक्क्यानं सुई मेणावर रेघ कोरायची. एका दुपारी दहा गाणी झाली, आणि त्यांत 'ऊना फुर्तिवा लाग्रिमा' होतं. त्या यंत्रात कित्येकांचे आवाज चिरके यायचे. याचा मात्र भरदार उतरला.

आणि हे तुला माहीत नसेल. हाच गेझबर्ग त्याच वर्षी नोव्हेंबरात कलकत्त्याला आला आणि त्यानं गायिका गौहरजानचं गाणं मुद्रित केलं. तुझ्या आजोबांच्या ट्रंकेत तिची तबकडी निघाली होती, ती किती जपून हातात धरली होतीस! तसाच कर्णा या दोघांसमोरही होता.

पुढे १९०३ पासून न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन ऑपेरागृह हेच त्याचं घर झालं. तिथले प्रयोग ८०० च्या वर गेले. पैसा, कीर्ती यांबद्दल लिहीत नाही. एकच सांगतो. १९१३ साली फिलाडेल्फियात 'ला बोहेम' चालू असताना खर्जाच्या गायकाचा आवाज बसला, तर शेवटच्या अंकातलं त्याचं गाणं कारुझोनं त्याच्यासाठी गाऊन टाकलं. टेनरनं खर्जातलं गाणं! सोबत्याची अडचण पाहून असा धावून जाणारा माणूस मला फार आवडतो.

११ डिसेंबर १९२०, ब्रुकलिन. पुन्हा तोच नेमोरिनो. गाता गाता त्याच्या तोंडून रक्त येऊ लागलं. विंगेतून एकेक टॉवेल पुढे येत होता, तो ओठ पुसत होता आणि गात होता. पहिला अंक त्यानं पुरा केला, मग प्रेक्षकांना घरी पाठवलं. दुसऱ्या अंकातलं ते गाणं त्या रात्री झालंच नाही. नाताळच्या आदल्या रात्री तो शेवटचा रंगमंचावर उभा राहिला. पुढे छातीत पू झाला, शस्त्रक्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या. उन्हाळ्यात नेपल्सला परतला आणि १९२१ साली आजच्याच तारखेला समुद्राकाठच्या हॉटेलात गेला. वय ४८.

त्याचं १९०४ चं 'ऊना फुर्तिवा लाग्रिमा' तुला पाठवलंय. नुसता पियानो, दोन तबकड्यांत विभागलेलं. आधी खरखर, मग आवाज असा हळू उमलतो की मी कणीक मळायची थांबवून तशाच पिठाच्या हातांनी उभा राहिलो. शेवटी शब्द संपतात, तो नुसत्या स्वरावर वळणं घेत राहतो. तिथं नीट ऐक. दम कुठं घेतो ते मला अजून सापडलेलं नाही, तुला सापडेल.

रविवारी सकाळच्या एसटीनं येतो. इथून तारांचा जोड घेऊन येतोय. तुझ्या तारांना गंज चढला असेल. वहिनींना सांग, जेवायला मी आहे.

तुझा,
श्रीधर