आधी चिठ्ठी उचला, मग शिकवते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रांच्या सदरात एका सद्गृहस्थांनी लिहिले होते की ऑनलाइन वर्गांनी कॉलेजची एक पिढी वाया घालवली, आता मुकाट्याने फळा-खडूकडे परतावे. मी इंदुरात राहते, आपला अंक मोबाइलवर वाचते आणि सव्वीस वर्षे बी.एस्सी.च्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवते आहे. ज्या शहरात 1891 पासून होळकर कॉलेज उभे आहे, तिथे राहून फळ्याची महती मला कुणी सांगायला नको. तरीही त्यांचे म्हणणे मला निम्मेच पटले. फळ्यासमोर बसूनही मुले वाया गेली आहेत आणि त्यात माझाही हातभार आहे.

टाळेबंदीपर्यंत माझी ख्याती ‘छान शिकवतात’ अशी होती. सुवाच्य अक्षर, डेरिव्हेशन (सूत्राची पायरीपायरीने मांडणी) न अडखळता, तास संपल्याची घंटा आणि शेवटची ओळ एकदमच. “समजलं ना?” म्हटले की पुढच्या दोन बाकांवरच्या माना हलत आणि मी डस्टर उचलत असे.

मग मार्च 2020 मध्ये सगळे बंद झाले. प्लास्टिकच्या स्टुलाला मध्यभागी भोक असते, त्यावर फोन ठेवला की कॅमेरा बरोबर खालच्या वहीवर येतो, हा शोध माझ्या सासूबाईंचा. ऐन उन्हाळ्यात पंखा बंद करून (कागद उडत!) मी त्या स्टुलाखाली हात घालून समीकरणे लिहीत होते. पलीकडे साठ काळे चौकोन. “समजलं ना?” विचारले तर हलायला मानच नाही. तेव्हा नाइलाजाने पोल टाकू लागले, म्हणजे पडद्यावर प्रश्न आणि पर्याय द्यायचे, प्रत्येकाने एक निवडायचा.

त्यातला एक प्रश्न असा: राजवाड्यापाशी सिटी बस आणि ई-रिक्षा समोरासमोर धडकली, तर जास्त बल कोणाचे कोणावर? असे प्रश्न माझ्या डोक्यातून आलेले नाहीत. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर 1991 पासून वर्गात हेच करत आले आहेत: प्रश्न द्यायचा, मुलांनी उत्तर निवडायचे, शेजाऱ्याशी वाद घालायचा, पुन्हा निवडायचे. मी ते वाचले होते. वाचून बाजूला ठेवले होते, कारण अभ्यासक्रम संपवायचा असतो.

बहुतेकांचे उत्तर आले: बसचे. न्यूटनचा तिसरा नियम हीच मुले झोपेतही म्हणून दाखवतील, समान आणि विरुद्ध वगैरे. खरगोनकडच्या एका मुलाने फक्त मला दिसेल असे चॅटवर लिहिले, “मैडम, बराबर है तो टूटती रिक्शा ही क्यों है?” इतका नेमका प्रश्न मला वर्गात कधी कुणी विचारला नव्हता. बल दोघांवर सारखेच. पण रिक्षाचे वस्तुमान कमी, म्हणून तिच्या वेगात होणारा बदल मोठा, आणि तिचा पत्राही बसपेक्षा लेचापेचा. मुले बल आणि त्याचा परिणाम यांची गल्लत करत होती आणि मी वर्षानुवर्षे त्या गल्लतीवरून फळा पुसत होते. पुढे कॉलेज उघडल्यावर पाहिले, तर तो मुलगा शेवटून दुसऱ्या बाकावर मान खाली घालून बसणारा. वर्गात त्याने हात वर केलाच नसता.

म्हणजे ऑनलाइन चांगले, असे मी म्हणत नाही. चौघाचौघांना चर्चेसाठी ब्रेकआउट रूममध्ये, म्हणजे ऑनलाइन वर्गातल्याच वेगळ्या छोट्या गटात, टाकले की चारही चौकोन मौनव्रत घेऊन बसत. झाबुआ-अलिराजपूरकडच्या मुलांचे निम्मे लेक्चर “आवाज़ कट रही है” यातच जाई. आणि मधल्या काळात अर्धी मुले समोर, अर्धी घरी, असे जे वर्ग झाले त्याबद्दल न बोललेलेच बरे. समोरच्यांकडे पाहिले की घरचे झोपतात, घरच्यांकडे पाहिले की समोरचे.

पण पोलची सवय मी वर्गात घेऊन आले. हात वर करायला सांगितले, तर सगळे आधी पहिल्या नंबराच्या मुलीकडे पाहतात. म्हणून जुन्या लग्नपत्रिका कापून चार पर्यायांसाठी चार रंगांच्या चिठ्ठ्या केल्या. डोळे मिटायचे, चिठ्ठी छातीशी धरायची. मग दोन मिनिटे शेजाऱ्याला पटवायचे. इथे वर्गाला तोड नाही. असा गलका होतो की शेजारच्या वर्गातले सर दोनदा दारात येऊन उभे राहिले आहेत. त्यानंतरच मी खडू उचलते.

याचे बक्षीस काय? पहिल्या वर्षी मुलांच्या अभिप्रायात वाक्य आले, “मैडम पढ़ाती नहीं हैं, हमसे ही पूछती हैं.” प्राचार्यांनी बोलावून घेतले. तेव्हा त्यांना दाखवायला एक अभ्यास माझ्या हाती लागला. हार्वर्डच्याच भौतिकशास्त्राच्या वर्गांवरचा, 2019 साली छापून आलेला. गुळगुळीत व्याख्यान ऐकणाऱ्या मुलांना आपण जास्त शिकलो असे वाटले. स्वतः झगडणाऱ्यांना कमी शिकलो असे वाटले. चाचणीत मात्र झगडणारेच पुढे. प्राचार्यांनी ऐकून घेतले, चहा पाजला आणि विचारले, “बाई, पण तुमचे व्हिडिओ किती झाले?”

कारण आता व्हिडिओ मोजले जातात. पंचेचाळीस मिनिटांचे रेकॉर्डिंग केले की एक आकडा, सहा मिनिटांचे केले तरी एकच आकडा. मग सहा मिनिटांत नेमके बोलायची तसदी कोण घेणार? त्यात 2021 च्या यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमांप्रमाणे एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठावरून करता येतात. तेव्हा पडदा काही जायचा नाही. निदान कॉलेजांनी एवढे विचारावे की त्या व्हिडिओत मुलाला थांबवून एक तरी प्रश्न विचारला आहे का, आणि त्याचे चुकलेले उत्तर कुणी पाहिले का.

त्या पत्रलेखकांना माझे आग्रहाचे निमंत्रण. इंदुरात आलात तर सकाळी पोहे-जलेबी खाऊन आठ वाजता माझ्या वर्गाला या. मागच्या बाकावर जागा असते. फक्त चिठ्ठी तुम्हालाही उचलावी लागेल, डोळे मिटून.

आपली,
भौतिकशास्त्राची एक प्राध्यापिका
लोकमान्यनगर, इंदूर