भेडाघाटच्या नावेत शेजारी बसलेल्या काकांना

काका,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहिते आहे. गेल्या हिवाळ्यात जबलपूरजवळ नर्मदेकाठच्या भेडाघाटला, पंचवटी घाटावरच्या नावेत तुम्ही आणि काकू आमच्यासोबत होतात. आई आधीच फळीवर जाऊन बसली होती आणि मी शेवटच्या पायरीवर खिळून उभी होते, ती मी.

नऊ वर्षांची असताना मी विहिरीत बुडता बुडता वाचले. तेव्हापासून गुडघ्याच्या वर पाण्यात कधी गेले नाही. पण आईला नर्मदा बघायची होती. तिच्या मनात खरं तर परिक्रमा होती. अमरकंटकपासून खंभातच्या आखातापर्यंत 1312 किलोमीटर नदी, ती सतत उजव्या हाताला ठेवून, पात्र कुठेही न ओलांडता दोन्ही काठांनी चालायचं. घरच्या जबाबदाऱ्यांत वर्षं गेली आणि मग गुडघे गेले. निदान मैयाच्या अंगावरून एकदा नावेतून जाऊन येऊ, एवढंच तिचं मागणं उरलं होतं. मला पायरीवर बघून ती म्हणाली, "राहू दे गं, मी उतरते." तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच मला जास्त लागलं.

"घाबरू नका, काही होत नाही" हे मी आयुष्यभर ऐकत आले आहे. तुम्ही ते म्हणाला नाहीत. तुम्ही विचारलंत, "लहानपणी बुडाला होतात का?" मी मान हलवली. मग तुम्ही लाइफ जॅकेट घेऊन पायरीवर आलात. पट्टे आवळायला लावलेत आणि खांद्याशी धरून जॅकेट वर ओढून पाहायला सांगितलंत. ते माझ्या कानापर्यंत वर आलं. "म्हणजे अजून सैल आहे," म्हणालात आणि पुन्हा आवळायला लावलंत. दुसऱ्यांदा ओढलं तेव्हा ते हललं नाही. मग मला मधल्या फळीवर बसवलंत. फोटोसाठी कुणीही उभं राहायचं नाही, असं बाकीच्यांना हात जोडून सांगितलंत, आणि नावाड्याला म्हणालात, "भैया, जरा आराम से."

सकाळीच आम्ही धुआंधार धबधबा पाहून आलो होतो. ते फेसाळत कोसळणारं पाणी, ते उडणारे तुषार, शेजारच्याचं बोलणंही ऐकू येऊ नये असा तो आवाज. हेच पाणी पुढे या घळईत शिरतं हे कळल्यावर तर माझा उरलासुरला धीरही सुटला होता. तुम्ही समजावून सांगितलंत की तिथे नदी कड्यावरून उडी घेते, आणि इथे पात्र अरुंद असलं तरी खूप खोल आहे. तेवढंच पाणी जास्त जागेतून जातं, म्हणून सावकाश जातं. मग म्हणालात, "दोन बोटं घालून बघा." मी बोटं घातली. पाणी गार होतं आणि बोटांना ढकलत होतं, पण घरच्या नळाच्या धारेहूनही हलकं. तो स्पर्श मला अजून आठवतो. माझ्या आठवणीतल्या विहिरीच्या पाण्याशी त्याचं काही नातं नव्हतं.

त्यानंतर मी मान वर केली. तोपर्यंत मी फक्त माझी पावलं बघत होते! दोन्ही बाजूंना 100 फुटांच्या आसपास उंचीचे संगमरवरी कडे. कुठे पांढरेशुभ्र, कुठे पिवळसर, मध्येच काळपट दगडाचे पट्टे. संगमरवर म्हटलं की मला घरातली गुळगुळीत फरशीच डोळ्यांसमोर यायची. नावाड्याने नाव कड्याला लावली तेव्हा हात फिरवून पाहिला. खाली, पाण्याच्या जवळ, दगड घासून मऊ झालेला होता आणि वर हाताला साखरेच्या खड्यासारखा खरखरीत. पुराचं पाणी कुठवर चढत असेल ते तुम्ही बोटाने दाखवलंत. पावसाळ्यात इथल्या नावा का बंद ठेवतात, ते मला तेव्हा नीट कळलं.

बंदरकुदनीपाशी दोन्ही कडे इतके जवळ आले की माकडं म्हणे पूर्वी एका काठावरून दुसऱ्या काठावर उडी मारायची. नावाड्याची यमकं जुळवत चाललेली माहिती तिथे थोडी थांबली. वल्ह्यांवरून ठिबकणारं पाणी ऐकू येत होतं. आईने हात जोडले आणि तिच्या बारीक आवाजात म्हणाली, "नर्मदे हर." तुम्ही आणि काकू लगेच म्हणालात, "नर्मदे हर." मीही म्हणाले. आई माझ्याकडे वळून रडली.

काका, मला आजवर सगळ्यांनी भीती सोडून द्यायला सांगितलं. तुम्ही ती खरी मानलीत. जॅकेट, नावेचा तोल, पाण्याचा वेग, एकेक गोष्ट हातात घेऊन मला दाखवलीत. त्यासाठी मी तुमची फार फार ऋणी आहे.

घाटावर परतल्यावर मी आईला धरून पायऱ्या चढवत होते. वर पोचून मागे वळले तर तुम्ही दोघं गर्दीत दिसेनासे झाला होतात. काकूंनी बंदरकुदनीपाशी आमचा दोघींचा एक फोटो काढला होता, तो त्यांच्याच फोनमध्ये राहिला आहे. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचलं तर तेवढा पाठवाल का? आई रोज विचारते.

तुमची,
मधल्या फळीवरची