जम्बोला मी नाही म्हणालो

नेरुळ, रविवार दुपार

प्रिय अव्या,

आधी शिव्या देऊन घे. काकांच्या वर्षश्राद्धाला येतो म्हणालो आणि आलो नाही. मग फोन करायची लाज वाटली, आणि लाजेत इतके महिने गेले की फोन करणंच चमत्कारिक वाटायला लागलं. माझी शुगर आहे तिथेच आहे, सुजाताचं बरं चाललंय. तुझा खांदा? असो.

लिहितोय ते वेगळ्याच कारणाने. परवा ऑफिसात मी जम्बो विमानाला नाही म्हणालो. लेखी. सहीनिशी.

हे घरी सांगितलं तर सुजाता म्हणाली, "मग? पगार कापला का?" आता तिला काय सांगणार. तुझा मामा कुवेतला निघाला तेव्हा एका माणसाला सोडायला ठाण्याच्या चरईतून दोन मेटॅडोर भरून सहार विमानतळावर गेले होते, आणि आपण दोघं दडपे पोह्यांचा डबा मांडीवर घेऊन जाळीला नाक लावून उभे होतो, खिडक्यांभोवती झरोक्यांची नक्षी रंगवलेलं ते प्रचंड धूड सरकायला लागलं आणि तू म्हणालास, "हे उडणार नाही, पैज." चार आणे अजून दिलेले नाहीस.

तर झालं असं. आमच्या विमान कंपनीकडे प्रस्ताव आला: जुनी चार ए३८०, म्हणजे एअरबसची दुमजली, जम्बोहूनही जम्बो विमानं, लीजवर मिळताहेत, घ्यायची का? साहेबांनी फाइल माझ्या टेबलावर टाकली, "तुमचंच प्रेमप्रकरण आहे, तुम्हीच निस्तरा." मला वाटलं, देव पावला. २००५ साली किंगफिशरने पाच मागवली होती, एकही आलं नाही. म्हणजे भारतीय कंपनीच्या शेपटीखाली ते विमान आजवर उभं राहिलेलं नाही, आणि ते आणायचं माझ्या हातात!

महिनाभर मी 'हो' सिद्ध करायला बसलो होतो रे. बाजू होतीच. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच चालते. नवा स्लॉट, म्हणजे उतरा-उडायची नेमून दिलेली वेळ, मागायला जा, कुणी उभं करत नाही. मग आहे त्याच स्लॉटमध्ये ५०० माणसं न्या की. एमिरेट्स २०१४ पासून मुंबईला हेच आणते. लुफ्थान्साने कोविडमध्ये आपली सगळी झाकून ठेवली होती, २०२३ मध्ये पुन्हा काढली. एतिहादनेही काढली, आणि २०२४ च्या सप्टेंबरात मुंबईलासुद्धा आणली. मी हे सगळं मोठ्या टायपात लिहिलं.

आणि मग वारांप्रमाणे तक्ता मांडला. शनिवार फुल्ल. रविवार फुल्ल. मंगळवार बघून मला थेट तुमचं मंगल कार्यालय आठवलं.

वैशाखात तिथे पाय ठेवायला जागा नसायची, आचारी मागच्या गल्लीत कढया लावायचा. आणि चातुर्मासात? तो अख्खा हॉल रिकामा, गादीवर मांजर, आणि काका टेबलापाशी बसून विजेचं बिल उलटसुलट करून बघताहेत. चारशे पानांची पंगत बसेल असा हॉल बांधला म्हणून मंगळवारी चारशे माणसं जेवायला येत नाहीत. तसंच हे. निम्मं भरलं तरी चार इंजिनं चारीच्या चारी रॉकेल पितात. तेवढ्याच लांब जाणारी बोइंगची ७८७ आणि एअरबसची ए३५० दोन इंजिनांवर जातात, कमी माणसांत पैसे वसूल करतात, आणि मंगळवारी दुसरीकडे कुठे तरी पाठवता येतात. याला कुठे पाठवणार? पंखांचा पसारा ७९.८ मीटर. ८० मीटरच्या चौकटीत बसावा म्हणून मोजूनच केलेला. तेवढं स्टँड नसेल तर त्या विमानतळाचं नावच काढायचं नाही.

एमिरेट्सला कसं जमतं, तर दुबई म्हणजे कल्याण जंक्शन. कसाऱ्याची माणसं, कर्जतची माणसं, सगळी तिथे येऊन गाडी बदलतात. आमचं आहे मुंब्रा. एकूण २५१ ए३८० कंपन्यांनी घेतली, त्यातली १२३ एकट्या एमिरेट्सने, यातच काय ते आलं. शिवाय आखातात विमानं न्यायचे हक्क दोन सरकारं आठवड्याच्या खुर्च्यांवर मोजतात, विमानांवर नाही. जम्बो लावला की कोटाच तेवढ्या वेगाने संपतो.

स्लॉटचा माझा हुकमी पत्ताही पुरता चालला नाही. या विमानामागे हवेत असे भोवरे सुटतात की पाठच्याला जास्त अंतर ठेवावं लागतं. एकाच धावपट्टीवर म्हणजे आपणच वाचवलेली मिनिटं आपणच खातो. आणि चारच विमानं बाळगायची म्हटली तरी वैमानिक वेगळे शिकवा, जादा इंजिन ठेवा, सुटे भाग शोधत हिंडा. शेवटचं विमान २०२१ च्या डिसेंबरात कारखान्यातून गेलं, त्यानंतर बनत नाही. एक बिघडलं की ५०० माणसं एकदम हॉटेलात, आणि ५०० मोबाइल आमच्या तोंडावर!

आता मुद्द्यावर येतो. तुला ती सरकती भिंत आठवते? काकांनी हॉलच्या मधोमध प्लायवूडचं पार्टिशन बसवलं, खाली रूळ, एका मुहूर्ताला दोन लग्नं. इकडची मंगलाष्टकं तिकडे ऐकू जायची, एकदा तर भलत्याच नवऱ्यावर अक्षता पडल्या. आणि मी, बावीस वर्षांचं कार्टं, काकांसमोर म्हणालो होतो, "हॉलची खानावळ केलीत." तू माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलला नाहीस. काका काहीच बोलले नाहीत, फक्त रुळाला ग्रीस लावत राहिले.

बोइंगने नव्या ७७७-९ ला काय केलंय माहीत आहे? पंखांची टोकं दुमडती. हवेत ७१.८ मीटर, जमिनीवर उतरलं की टोकं वर, ६४.८. का, तर नेहमीच्या गेटवर मावावं म्हणून. नोटमध्ये हे लिहिताना मला ग्रीसचा वास आला, देवाशपथ. तेही विमान वर्षानुवर्षं लांबतंय, म्हणून तर लोकांनी जुनी ए३८० पुन्हा काढली, पण ते जाऊ दे.

मीटिंग शुक्रवारी झाली. मी भांडायच्या तयारीने गेलो होतो. म्हणजे, कुणीतरी माझ्याशी भांडेल म्हणून. कुणीतरी म्हणेल, अहो पण शनिवार-रविवारचं काय, दहा वर्षांनी स्लॉटचं काय. साहेबांनी शेवटचं पान उघडलं, "बरं, नाही ना? पुढचा विषय." चहा यायच्या आत संपलं! एकानेही बाजू घेतली नाही रे. २०२४ च्या एप्रिलमध्ये एअर इंडियाचं शेवटचं ७४७, आपला तो मूळ जम्बो, मुंबईहून पंख हलवत गेलं, तेव्हा याच मंडळींनी तो व्हिडिओ चारचारदा फॉरवर्ड केला होता.

कालपासून एकच घोळतंय. मी हिशेब खरा मांडला, की मंगळवारला घाबरलो? लुफ्थान्सातही कुणीतरी पक्कं 'नाही' लिहिलं असेलच. रात्री गच्चीत जाऊन उभा राहतो. उलव्याची टेकडी फोडून केलेलं नवं विमानतळ सुरू झालंय, छोटी छोटी विमानं ओळीने उतरतात, रिक्षा स्टँडवर लागाव्यात तशी. सुजाता म्हणते डास चावतील.

चिऊचं कॉलेज कसं चाललंय? वहिनींना नमस्कार, नाशिकची थंडी सोसते ना त्यांना? चिवडा पाठव, मागचा संपला.

आणि एक काम कर. काकांची लाल वही तुझ्याकडे असेल. पार्टिशन घातल्यानंतरची दोन-तीन वर्षं काढून बघ, आणि मला खरं काय ते कळव: दोन हॉल करून काकांचं खरंच भागलं होतं का? माझी बाजू घेण्यासाठी आकडे फिरवू नकोस. मागे पत्त्यांत फिरवायचास तसे.

तुझा,
मिल्या