ताई, इन्व्हेंटरी उघडायला लावल्याबद्दल

प्रिय ताई,

हे पत्र तुम्हाला खासगीत पाठवता आलं असतं. पण माझ्या एजंटच्या कोडमध्ये तुमची एकही ओळ नाही, त्यामुळे योगदान देणाऱ्यांच्या यादीत तुम्ही कधी दिसणार नाही, आणि ते मला बरं वाटत नाही. म्हणून चारचौघांत लिहितोय. नाव तुमच्याच सांगण्यावरून गाळलंय.

बाकीच्यांसाठी थोडं सांगतो. माइनक्राफ्ट या व्हिडिओ गेममध्ये आपला आपण तगणारा आणि पुढचं काम स्वतःच ठरवणारा एजंट, म्हणजे स्वतः खेळणारा प्रोग्राम, मी बनवतोय. माइनफ्लेअर या जावास्क्रिप्ट लायब्ररीमार्फत तो सर्व्हरवर खेळाडू म्हणून शिरतो. आसपास काय आहे, तब्येत किती, भूक किती, हे भाषा-मॉडेलला मजकूर म्हणून मिळतं. मॉडेल ध्येय ठरवतं, त्यासाठी छोटं फंक्शन लिहितं, ते चालतं, मग पुन्हा परिस्थिती वाचली जाते. जमलेलं फंक्शन ‘कौशल्य’ म्हणून साठवायचं आणि त्यावर पुढची रचायची, ही वाट 2023 मधल्या व्हॉयेजर प्रकल्पाची. त्याच्या आदल्या वर्षी ओपनएआयने सुमारे 70,000 तासांच्या व्हिडिओंवर मॉडेल शिकवून त्याच्याकडून हिऱ्याची हत्यारं बनवून घेतली होती. ड्रीमरव्ही3 हा स्वतः खेळून शिकणारा प्रोग्राम तर माणसाचा खेळ न बघताच हिऱ्यापर्यंत पोचला. तुम्ही यातलं काही वाचलेलं नव्हतं. तुम्ही पेशाने टेस्टर, आणि त्याहून जुन्या खेळाडू.

त्या संध्याकाळी मी लॉग, म्हणजे एजंटच्या कामाची नोंद, वाचत होतो आणि तुम्ही खेळ बघत होता. लॉगमध्ये सगळं छान चाललं होतं: लोखंडाचं खनिज खणलं, आता फर्नेस (भट्टी). तुम्ही म्हणालात, ‘‘अरे, त्याच्या हातात लाकडी पिकॅक्स आहे. ब्लॉक फुटेल, पण मिळणार काहीच नाही.’’ लोखंडाला निदान दगडी पिकॅक्स (कुदळ) लागतं, हे तुम्हाला विचार न करता ठाऊक. लाकडी पिकॅक्सने ब्लॉक नाहीसा होतो आणि हातात शून्य. गंमत म्हणजे यात कुणीच खोटं बोललं नव्हतं. लायब्ररीला विचारलं होतं ‘ब्लॉक खणला का?’, आणि तो खणला गेलाच होता. मॉडेलने त्यावरून लोखंड आलं असं धरलं, आणि रिकाम्या हाताने फर्नेसपाशी जाऊन उभं राहिलं.

‘‘तो काय म्हणतो ते सोड. इन्व्हेंटरी उघड.’’ या तुमच्या वाक्यावर एजंटचा अर्धा सांगाडा उभा आहे. आता प्रत्येक कामाआधी इन्व्हेंटरीची, म्हणजे जवळच्या सामानाची, मोजदाद होते, कामानंतर पुन्हा होते, आणि काम झालं की नाही ते त्या दोन आकड्यांमधल्या फरकावर ठरतं. मॉडेलच्या ‘झालं’ला किंमत शून्य. तेही तुम्हाला पुरेसं वाटलं नाही. इन्व्हेंटरी भरलेली असेल तर, असं विचारलंत. जागा 36, त्या माती आणि दगडांनी भरल्या की नवं खनिज जमिनीवर पडून राहतं आणि पाच मिनिटांनी गायब होतं. एजंटला वाटतं मिळालं नाही, म्हणून तो पुढचा ब्लॉक फोडतो, मग त्याच्या पुढचा. अशा हावरटपणात त्याने खनिजाची एक अख्खी शीर संपवली असती. आता खाणकामाआधी तो फालतू माल टाकून देतो. काय फालतू ते ठरवणारी यादी तुमची. कोळशावरून आपलं झालेलं भांडण मी इथे उकरत नाही.

ज्या गोष्टीसाठी तुमचे सर्वांत जास्त आभार मानायला हवेत, ती मला सुरुवातीला अजिबात आवडली नव्हती. लोड झालेल्या भागातला प्रत्येक ब्लॉक लायब्ररीला माहीत असतो, भिंतीआडचासुद्धा. एजंट ‘जवळचं लोखंड’ विचारायचा आणि दगडातून सरळ बोगदा काढत त्याच्यापाशी पोचायचा. आकडे झकास येत होते. तुम्ही बघितलंत आणि म्हणालात, ‘‘हा खेळत नाहीये, याला पेपर फुटलाय.’’ मग आम्ही त्याला फक्त नजरेच्या रेषेत येणारेच ब्लॉक दाखवायचे ठरवलं. आकडे धाडकन कोसळले. पण त्यानंतरच तो गुहा शोधायला लागला, वाटेत टॉर्च लावायला लागला, एकदा बघितलेली जागा लक्षात ठेवायला लागला. ही कौशल्यं आधीच्या व्यवस्थेत त्याला कधी लागलीच नसती. एजंटने हिरा किती लवकर मिळवला यालाच लोक फार भाव देतात असं मला वाटतं. त्याला काय दिसत होतं हे आधी विचारायला हवं, आणि ते सहसा कुणी विचारत नाही.

वेळेचा तिढा त्यामानाने लवकर सुटला. खेळात सेकंदाला 20 टिक होतात. क्रीपर हा खेळातला राक्षस फुसफुसायला लागला की 30 टिकांत, म्हणजे दीड सेकंदात फुटतो. आमचं मॉडेल उत्तर द्यायला त्याहून कितीतरी जास्त वेळ घेतं. संशोधनासाठीच्या बऱ्याच वातावरणांत जग एजंटच्या पुढच्या कृतीसाठी थांबून राहतं. चालत्या सर्व्हरवर ती सोय नाही. तुम्ही म्हणालात की क्रीपर दिसल्यावर तुम्हीही विचार करत नाही, बोटं आपोआप मागे नेतात. म्हणून पळणं, खाणं, अंग पेटलं तर बादलीतलं पाणी ओतणं, एवढं मॉडेलकडून काढून घेतलं आणि साध्या नियमांत बसवलं. मॉडेलला ते नंतर कळवलं जातं. ते रागावत नाही.

आणि तुमच्या परीक्षा! कौशल्य एकदा जमलं म्हणून साठवायचं नाही, हा तुमचा हट्ट. रात्री जमतं का, झाडाचं नाव नसलेल्या वाळवंटात जमतं का, नुकतंच मरून सगळं सामान सांडलेलं असताना जमतं का. तेच सीड, म्हणजे तेच जग, पुन्हा पुन्हा चालवून तुम्ही एजंटला छळत बसायचात. या चाळणीतून थोडीच कौशल्यं पार झाली, पण त्यांच्यावर रचलेलं सहसा ढासळत नाही. या कामाचे तुम्ही पैसे घेतले नाहीत. निदान काहीतरी ठेवून घ्या म्हटलं तर विषय बदललात.

आता पुढचं. पोर्टलसाठी, म्हणजे दुसऱ्या जगाच्या दारासाठी, लागणारे 10 ऑब्सिडियनचे ब्लॉक त्याने जमवलेत, तेव्हा तो लवकरच नेदर या खेळातल्या पाताळात उतरेल. तिथे ओतलेलं पाणी लगेच वाफ होऊन जातं, म्हणजे आग विझवायचा आपला नियम निकामी. पलंगावर झोपायला गेलं तर पलंगाचा स्फोट होतो, आणि ‘रात्र झाली की झोप’ हे त्याचं सगळ्यांत भरवशाचं कौशल्य आहे. एवढ्या दोन गोष्टी मला सुचल्या. तुमच्याकडे याहून लांब यादी असणार. शनिवारी सर्व्हर चालू ठेवतो, या.

तुमचा,
एजंटवाला