उलटपायास पत्र

श्टुटगार्ट,
१२ एप्रिल, रविवार

प्रिय बंडू,

व्हॉट्सअॅपवर तीनदा लिहायला घेतलं आणि तीनदा पुसलं. बोलून पाठवलं असतं, पण तू माझे आवाज दुकानात गिऱ्हाइकासमोर स्पीकरवर लावतोस, आणि हे गिऱ्हाइकानं ऐकण्यासारखं नाही. म्हणून कागद. दिवाळीपासून तुला धड चार ओळी पाठवल्या नाहीत, त्याबद्दल शिव्या घालायच्या असतील तर इथंच घालून घे, पुढं वेळ मिळणार नाही.

आम्ही सगळे बरे. शुगर गोळीवर आहे. झालं.

गेल्या शनिवारी मी गाडीवरून पडलो. फार लागलं नाही. गुडघा वांग्याएवढा सुजला होता, तो उतरला. पण पडलो कसा, हे जगात फक्त तुला कळेल. बायको म्हणाली, रस्ता ओला असेल. मी हो म्हटलं. ओला होताच. पण बंड्या, मी डाव्या पायानं ब्रेक मारला.

कळलं ना? आता हसून घे. घे, मी थांबतो.

आधीचं सांगायला हवं, कारण तेही तुझ्यापासून लपवलंय. दीड वर्ष झालं, मी आपली गाडीवरच्या सफरीची रेघ काढून बसलोय. हॉस्टेलच्या गच्चीवर अॅटलसमध्ये युरोपच्या पानावर तू बॉलपेननं ओढलेली, तीच. तू म्हणाला होतास, ‘आल्प्स म्हणजे काय रे, कुंभार्ली घाटच असणार, जरा गार.’ त्या अॅटलसमध्ये युगोस्लाव्हिया अजून एक देश होता. आता त्याच रेघेत स्लोव्हेनिया, क्रोएशिया आणि माँटेनेग्रो असे तीन लागतात, आणि विमा तिन्हीकडे चालतो का ते बघावं लागतं. तुला का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर तू ‘जा की’ म्हणाला असतास. तुझं ते ‘जा की’ मला ऐकायचं नव्हतं.

तर गाडी घेतली. हिमालयन, ४११ सीसी, सेकंडहँड. ऑफिसातले लोक बीएमडब्ल्यूवर फिरतात, मी आपली एन्फिल्डच घेतली, अण्णांच्या बुलेटच्या नावानं. २४ हॉर्सपॉवर, वजन १९९ किलो, टाकी १५ लिटरची. ऑटोबानवर, म्हणजे इथल्या हायवेवर, ट्रकवाले मला हॉर्न देऊन पुढे जातात.

गाडीच्या आधी लायसनची गंमत. आपलं भारतातलं लायसन इथं राहायला आल्यावर सहा महिने चालतं, मग संपलं. कारचं मी तेव्हाच काढलं होतं. दुचाकीचं पन्नाशीला टेकल्यावर काढायला गेलो आणि पहिल्यापासून सगळं करावं लागलं. मास्तर मागून कारमध्ये, माझ्या हेल्मेटमध्ये त्याचा आवाज. गावाबाहेरच्या रस्त्यावर पाच तास, ऑटोबानवर चार, रात्रीचे तीन, हे सक्तीचे. मी त्याला सांगितलं, मी कराडच्या मंडईतून बुलेट काढलेला माणूस आहे. तो म्हणाला, छान, आता चालण्याच्या वेगानं या शंकूंमधून नागमोडी काढून दाखवा. सहा शंकू पाडले. मग ताशी ५० वरून कचकन थांबायचं. तेव्हा तो ओरडायचा, ‘पुढचा! पुढचा!’ कारण मला अण्णांनी शिकवलेलं, पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही, तोंडावर पडशील. इथं सगळी भिस्त पुढच्यावरच. तर तेही शिकलो आणि पास झालो. परीक्षक म्हणाला, शांत चालवता. शांत कसला, घाबरलेलो होतो.

बेत असा. जूनच्या शेवटच्या आठवड्यात निघायचं, लवकर नाही आणि उशिराही नाही. स्टेल्व्हिओचा घाट आधीच उघडलेला असतो, पण रोमानियातला ट्रान्सफगराशन घाट बर्फामुळं जूनअखेरीपर्यंत बंदच असतो. आपण शेवटी तिकडं पोचतो, म्हणून हिशेब उलटा धरत आणायचा. पहिला स्टेल्व्हिओ, इटलीत, २७५७ मीटर. ऑस्ट्रियाच्या बादशहानं १८२०च्या दशकात बांधून घेतलेला रस्ता. प्राटोच्या बाजूनं चढताना ४८ आकडी वळणं. प्रत्येक वळणाच्या दगडावर नंबर आहे, आणि तो खालून ४८ पासून वर जाताना कमी होत जातो. म्हणजे किती उरली ते कळतं. आपल्याकडं ही सोय असती तर तुला वरंध्यात तीनदा ओकारी झाली नसती.

तिथून डोलोमाइटच्या डोंगरांमधून स्लोव्हेनियात. व्हर्शिचची खिंड, ५० वळणं, आणि उत्तरेकडच्या वळणांवर डांबर नाही, दगडी फरशी आहे. पहिल्या महायुद्धात रशियन कैद्यांकडून तो रस्ता करून घेतला. १९१६ मध्ये हिमकडा कोसळून त्यातले कितीतरी गाडले गेले, रस्त्याच्या कडेला त्यांचं लाकडी देऊळ आहे. ओल्या फरशीवर गाडी कशी वळवायची हे मी रात्री दोन वाजता छताकडं बघत ठरवतोय. मग समुद्राकाठानं खाली. पूर्वी दुब्रोव्निकला जाताना मध्येच बॉस्नियाची चिंचोळी पट्टी लागायची, दोनदा पासपोर्ट दाखवा. २०२२ पासून पेलेशाचचा पूल झालाय, वरून निघून जायचं. मग कोटोर, अल्बानिया, ग्रीसचा कोपरा, बल्गेरिया, आणि ट्रान्सफगराशन. तो रोमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कूनं सैन्याला लावून चार वर्षांत बांधून घेतला. रशियानं १९६८ ला चेकोस्लोव्हाकियात रणगाडे घातले, ते बघून याला धडकी भरली होती. परत हंगेरी, व्हिएन्ना, घर. सगळे मिळून पाच हजार किलोमीटर. रोज अडीचशेच्या वर जायचं नाही असं ठरवलंय, कारण कंबर.

एवढं सगळं वहीत मांडून झालं, हॉटेलंसुद्धा निम्मी ठरली, आणि शनिवारी सरावाला म्हणून ब्लॅक फॉरेस्टमध्ये गेलो. वरचा रस्ता सरळ, सोपा, झाडीतून. रूहश्टाइनहून खाली झेबाखकडं उतरताना वळणं सुरू झाली. तिसऱ्या गिअरमध्ये होतो. एका वळणात समोरून कॅम्पर, म्हणजे चाकांवरचं घर, आला, अर्धा माझ्या बाजूला. आणि माझं सगळं शिक्षण गेलं. उजव्या हाताची बोटं आखडली, डाव्या हातानं क्लच दाबला आणि डावा पाय असा जोरात खाली घातला की बूट दुखावा. ब्रेक कुठला? या गाडीला डावीकडं गिअर. गाडी मोकळी सुटली, खाली गिअर पडला दुसरा. कॅम्पर गेला निघून. मी घाईत क्लच सोडला आणि मागचं चाक उड्या मारायला लागलं. चाक अडकू न देणारा एबीएस ब्रेकला असतो, गिअरला नसतो. कडेच्या खडीत आडवा झालो, अगदी हळू, म्हैस बसते तशी. १९९ किलो उचलायला एक आजोबा-आजी कार थांबवून आले. आजी म्हणाली, सिझनच्या सुरुवातीला असं होतं.

सिझन! अठ्ठावीस वर्षं झाली मी अण्णांच्या बुलेटवर बसलेलो नाही, तिचा मागचा ब्रेक डावीकडं होता हे मला आठवतसुद्धा नव्हतं. पायाला आठवत होतं.

खडीत बसल्या बसल्या माझ्यासमोर कुंभार्ली आला. डिसेंबर ९७. गुहागरला निघालो होतो, हेळवाक सोडलं आणि तू म्हणालास, घाट मी उतरवतो. मी मागं. पोफळीकडं उतरताना समोरून ट्रक, आणि तू तुझ्या येझदीच्या सवयीनं उजवा पाय दाबलास, ब्रेक म्हणून. बुलेटचा तिथं गिअर, ती दुसऱ्यातून तिसऱ्यात गेली आणि कुत्रं मागं लागल्यासारखी पळाली. कठडा, माझं गळपट्टीचं हाड, टाकीचा पोचा. गटारात उताणा पडून तू एकच वाक्य म्हणाला होतास, ‘पाय ऐकला नाही रे.’

त्या वाक्याचं मी काय केलं ते तुला माहीत आहे. तुला उलटपाया म्हटलं. भुताचे पाय उलटे असतात तसा आमचा बंडू, हे तुझ्या लग्नात पंगतीत, तुझ्या सासऱ्यांच्या शेजारी बसून सांगितलं. वहिनींनी तेव्हा माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं होतं ती अजून उतरलेली नाही. माझ्यासाठी ती एक गोष्ट होऊन गेली, चार लोक जमले की सांगायची. तू पण हसायचास. म्हणून मला कधी वाटलंच नाही.

आणि येझदी. तिच्याबद्दल मी आजवर विचारलं नाही. पुढच्याच पाडव्याला तू ती विकलीस, पेट्रोल परवडत नाही म्हणालास, आणि स्कूटर घेतलीस. तेव्हापासून स्कूटरच. गिअरच्या गाडीला तू हात लावलेला मी पाहिलेला नाही. अण्णांनी जायच्या आधल्या वर्षी मला सांगितलं की टाकीचे बाराशे रुपये तू आणून दिले होतेस, आणि मला सांगू नका म्हणाला होतास. याला सहा वर्षं झाली. सहा वर्षांत मी तुला तीनदा भेटलो, एकदा तर तुझ्याच घरी जेवलो, आणि बोललो नाही. (आंबोळ्या होत्या. काकूंच्या हातच्या नव्हत्या हे मला कळलं होतं.)

मात्र एक सांगतो, त्या दिवशी घाट उतरवायचा हट्ट तुझाच होता. ते मी सोडणार नाही. आणि ट्रक चुकीच्या बाजूनं आला नव्हता, तो मधोमध होता.

आता माझी चिंता ऐक. मी रविवारी सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये जातो. इथं रविवारी दुकानं बंद असतात, मैदान मोकळं. पन्नासवर नेतो आणि ब्रेक मारतो. तीसपैकी तीस वेळा उजवा पाय, पुढचा ब्रेक, सगळं मास्तरांच्या पुस्तकाप्रमाणे. ठरवून केलं की पाय शहाणा असतो. घाबरलं की तो अण्णांचा होतो. डाव्या बुटाला लाल रिबीन बांधून पाहिली. हेल्मेटमध्ये मोठ्यानं ‘उजवा, उजवा’ म्हणत पाहिलं, सिग्नलला शेजारच्या कारमधली बाई काच वर करून बसली. पण घाबरायचा सराव कसा करायचा? स्टेल्व्हिओचे ४८, व्हर्शिचचे ५०, पुढचे मोजतच नाही, आणि त्यातल्या कुठल्याही एकावर एक कॅम्पर. बायकोला वाटतं मी वयाला घाबरलोय. मास्तर म्हणाला असता, आणखी तास घ्या, म्हणजे आणखी पैसे. तुला विचारतोय, कारण तुझा पाय माझ्या आधी चुकला. त्यानंतर तू परत कधी बसला होतास का रे, मला न सांगता? एकटा, मसूर रोडला वगैरे? बसला असशील तर पाय कुठला गेला होता?

मागची सीट रिकामी आहे. आता हे असं शेवटी लिहितोय म्हणून तोंडदेखलं समजू नकोस. तुझं वजन धरून गाडी स्टेल्व्हिओ चढेल का हा वेगळा प्रश्न, चढली नाही तर तू उतरून चालत ये, ४८ वळणं म्हणजे तुला मॉर्निंग वॉक. व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचा लागेल, कारण माँटेनेग्रो-अल्बानिया शेंगेनमध्ये, म्हणजे एका व्हिसावर फिरायच्या देशांत, नाहीत आणि ग्रीसला परत आत शिरायचंय. बल्गेरिया-रोमानिया गेल्या वर्षापासून जमिनीवरूनही आत आलेत, तिथं अडचण नाही. ३०,००० युरोचा आरोग्य विमा काढावा लागतो, तो मी काढतो. बाराशे रुपयांचं व्याज समज. पासपोर्टची मुदत बघून ठेव. पेरणीच्या दिवसांत पंपाचं दुकान सोडता येणार नाही असं म्हणशील, ते मला माहीत आहे. तरी बघ.

चिमीची बारावी झाली ना? पेपर कसे गेले? गाळ्याच्या कोर्टाची पुढची तारीख कधी? वहिनींचा थायरॉइड बघून घ्या, टाळू नका. काकूंना नमस्कार.

आणि एक काम कर. बुलेट दादाच्या गोठ्यात ताडपत्रीखाली आहे. किल्ली नको, चालू करायची नाही. नुसता बस. डोळे मीट, समोरून ट्रक येतोय असं समज, आणि कुठला पाय खाली गेला ते मला कळव. दादाला सांगू नकोस कशासाठी आलास ते, तो सगळ्या गल्लीला सांगेल.

तुझा,
पम्या

ता. क. टाकीचा पोचा अजून आहे का तेही बघ. दादा म्हणाला होता काढून घेतो. काढला नसेल तर काढू देऊ नकोस.