चेंडू कोणाला लागून गेला, हे तुला ठाऊक असते

चि. लेकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या प्रश्नाला दोन ओळींत उत्तर देऊन मोकळे होता आले असते. पण तू आता चौदा वर्षांखालील फुटबॉल संघाची कर्णधार झाली आहेस, आणि तुझ्या प्रश्नातून आणखी चार प्रश्न निघतात, म्हणून हे पत्र लांबणार आहे. चेंडू तुझ्या बुटाला लागून रेषेबाहेर गेला, पंचांनी थ्रो-इन, म्हणजे चेंडू हातांनी पुन्हा आत फेकण्याची संधी, तुमच्याच संघाला दिली, तू काही बोलणार तोच प्रशिक्षकांनी बाहेरून गप्प राहण्याची खूण केली, आणि त्याच थ्रो-इनवरून पुढे तुमचा गोल झाला. ‘मी खोटे बोलले नाही, मग मला वाईट का वाटते आहे?’ असे तू विचारले आहेस.

आधी नियम काय सांगतो ते पाहू, कारण मैदानावर नियमांचा हवाला देणारे पुष्कळ असतात आणि नियमपुस्तक उघडणारे फारच थोडे. खेळाच्या सतरा नियमांपैकी पंधरावा थ्रो-इनचा आहे; चेंडूला शेवटचा स्पर्श ज्या खेळाडूचा, त्याच्या प्रतिस्पर्धी संघाला थ्रो-इन मिळतो. तो स्पर्श कोणाचा होता हे पंच ठरवतात, आणि खेळातील घटनांबाबतचा त्यांचा निर्णय अंतिम असतो, असे पाचवा नियम म्हणतो. खेळाडूने आपण होऊन खरे सांगितलेच पाहिजे, असे कुठेही लिहिलेले नाही. मात्र धक्का न लागताच कोसळणे, दुखापतीचे सोंग आणणे अशा रीतीने पंचांना फसवू पाहणाऱ्याला बाराव्या नियमानुसार पिवळे कार्ड मिळते. म्हणजे गप्प राहणे एका टोकाला आणि फसवणे दुसऱ्या टोकाला. या दोहोंच्या मधल्या जागेत कसे वागायचे, ते नियमाने तुझ्यावर सोपवले आहे.

त्या मधल्या जागेत नेमके काय घडते, ते टचलाइनवर, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेवर, उभे राहून मी बारकाईने पाहत आलो आहे. चेंडू रेषेबाहेर जातो आणि त्याच क्षणी दोन्ही संघांतल्या चार-पाच मुलींचे हात वर जातात. ज्या मुलीच्या नडगीला लागून चेंडू गेला, तिचा हात बहुधा सर्वांत आधी वर जातो. तिला खरे काय ते ठाऊक असते. किंबहुना संपूर्ण मैदानावर ते खात्रीने ठाऊक असणारी ती एकटीच असते. वर गेलेला तो हात म्हणजे न बोललेले खोटेच, आणि सवयीने तो इतका आपोआप जातो की आपण काही केले असे तिला वाटतही नाही. तू त्या दिवशी हात वर केला होतास की नाही, हे तू लिहिलेले नाहीस आणि मीही विचारणार नाही. पण चेंडू आपल्याला लागून गेला असेल तेव्हा हात खाली ठेवायचा, एवढे कर्णधार म्हणून संघाकडून करून घेणे तुला शक्य आहे, आणि माझ्या मते तुझ्या कामाची सुरुवात तिथूनच व्हावी.

सांगायचे ठरवलेस तर ते वेळेत सांगावे लागते. खेळ पुन्हा सुरू झाल्यावर पंचांना आधीचा निर्णय बदलता येत नाही. म्हणून चेंडू फेकला जाण्यापूर्वी ‘चेंडू मला लागला होता’ एवढे चार शब्द बोलायचे आणि आपल्या जागी परत जायचे. गोल झाल्यावर सांगून पंचांची फक्त अडचण होते. आणि सांगितल्यावर काय होईल, हा विषय तुझा नाही. १९९७ साली आर्सेनलविरुद्धच्या सामन्यात लिव्हरपूलच्या रॉबी फाउलरला पेनल्टी मिळाली, तेव्हा गोलरक्षकाने आपल्याला पाडलेले नाही, हे त्याने स्वतःच पंचांना हातवारे करून सांगितले. पंचांनी ऐकले नाही. पेनल्टी त्यालाच घ्यावी लागली, गोलरक्षकाने ती अडवली, आणि परत आलेल्या चेंडूवर त्याच्याच सहकाऱ्याने गोल केला. याउलट २०१२ साली लाझिओच्या मिरोस्लाव्ह क्लोसेने नापोलीविरुद्धचा आपला गोल हाताला लागून झाल्याचे कबूल केले, पंचांनी तो रद्द केला, आणि लाझिओने सामना तीन गोलांनी गमावला. एकाचा खरेपणा वाया गेला, दुसऱ्याचा अंगाशी आला, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. दोघांनीही आपल्याजवळ असलेली माहिती पंचांना दिली आणि निर्णय पंचांवर सोडला. खेळाडूकडून याहून जास्त अपेक्षा ठेवण्याचे कारण नाही.

तरीही अशा गाजलेल्या प्रसंगांवर फार भाळू नकोस. इटालियन खेळाडू पावलो दि कानियोचे उदाहरण तुमच्या क्लबमध्येही कोणी ना कोणी देईलच. डिसेंबर २००० मध्ये एव्हर्टनविरुद्ध सामना बरोबरीत असताना, अगदी शेवटच्या क्षणी त्याच्याकडे गोलसमोर चेंडू आला. पण एव्हर्टनचा गोलरक्षक दुखापतीने खाली पडलेला पाहून त्याने तो चक्क हातात झेलला आणि खेळ थांबवला. त्यासाठी फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेने त्याला फेअर प्ले पुरस्कार दिला. याच माणसाने दोनच वर्षांपूर्वी, १९९८ साली, लाल कार्ड दाखवणाऱ्या पंचांना दोन्ही हातांनी ढकलले होते आणि त्यापायी त्याच्यावर अकरा सामन्यांची बंदी आली होती. उदाहरण देणारे हा पूर्वार्ध सहसा गाळतात. मला मात्र तोच महत्त्वाचा वाटतो. सज्जन खेळाडू आणि दुर्जन खेळाडू अशा दोन वेगळ्या जाती नसतात. त्या-त्या क्षणी कसे वागायचे हे दर वेळी नव्याने ठरवावे लागते, आणि काल चांगले वागलो म्हणून आजची सूट मिळत नाही. तुमच्या संघातल्या एखादीने भलतेच काही केले, तरी ‘ती तशीच आहे’ असा शिक्का तिच्यावर मारण्यापूर्वी हे आठव.

आता पंचांविषयी. मोठ्यांच्या सामन्यात पंचांच्या मदतीला रेषेवर दोन सहायक असतात, वरच्या पातळीवर व्हिडिओही असतो. तुमच्या वयोगटात बहुधा एकच पंच असतात, आणि तेही पुष्कळदा तुमच्याहून चार-सहा वर्षांनीच मोठे, शिकाऊ. मैदानाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाचा ऑफसाइड त्यांना अचूक दिसणे शक्यच नसते. ते चुकणार, आणि कधी तुमच्या विरुद्धही चुकणार. दंडावर पट्टी बांधली म्हणजे वाद घालण्याचा परवाना मिळाला, अशी समजूत बऱ्याच कर्णधारांची असते. तिसरा नियम वाच: कर्णधाराला कोणताही खास दर्जा वा अधिकार नसतो, पण संघाच्या वर्तनाची काही एक जबाबदारी त्याच्यावर असते. २०२४च्या युरो स्पर्धेत पंचांशी निर्णयाबद्दल फक्त कर्णधारानेच बोलावे, असा दंडक घातला गेला. पंचांना घेरणाऱ्या घोळक्याला आवर घालणे हा त्यामागचा हेतू होता. तुमच्या सामन्यातही तो पाळायला कोणाची हरकत नसावी. खेळ थांबलेला असताना जा, चालत जा, आणि ‘असे कसे दिलेत?’ असे न म्हणता ‘फाऊल कशाबद्दल होता ते सांगाल का?’ असे विचार. मागून धावत येणाऱ्या मैत्रिणींना परत पाठवणे हेच त्या वेळी तुझे खरे काम आहे. पंचांनी उत्तर दिले नाही तरी तू परत फिर.

आम्हा पालकांबद्दलही लिहायला हवे. मुलीला ‘मार, मार’ म्हणून ओरडणारे, पंचांच्या वयावरून शेरे मारणारे आणि प्रशिक्षकांच्या सूचनांवर आपल्या सूचना चढवणारे आईबाप तू पाहिलेच आहेस. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने २००८ साली ‘रिस्पेक्ट’ नावाची मोहीम सुरू केली, तेव्हा पालकांना टचलाइनपासून मागे ठेवण्यासाठी वेगळी रेषा आखावी लागली. एवढ्यावरून काय ते समज. माझ्यापुरते सांगायचे तर मी टाळ्या वाजवीन, प्रतिस्पर्ध्यांच्या चांगल्या खेळालाही वाजवीन, आणि परतीच्या वाटेवर तुझ्या चुकांची उजळणी घेणार नाही.

प्रशिक्षकांनी केलेली खूण हा तुझ्या प्रश्नातला सर्वांत अवघड भाग आहे, आणि तो मी टाळणार नाही. ते तुला खेळ शिकवतात, तुझ्यासाठी वेळ देतात. त्यांचा मान राखायचा म्हणजे राखायचाच. डावपेच, जागा, कोणाला उतरवायचे आणि कोणाला बसवायचे, या साऱ्यात त्यांचा शब्द शेवटचा. परंतु ‘पेनल्टीच्या पेटीत गेलीस की पड’, ‘आघाडी आहे, पायात गोळा आल्याचे नाटक कर’, ‘त्यांच्या दहा नंबरला एकदा घे’ अशा सूचना आल्या, तर त्या पाळण्याचे बंधन तुझ्यावर नाही. तिसरी तर कोणाच्या तरी पायाचे हाड मोडणारी सूचना आहे. मैदानावर उलट उत्तर देऊ नकोस. सराव संपल्यावर एकटी भेट आणि ‘सर, हे माझ्याकडून होणार नाही’ एवढे शांतपणे सांग. ते रागावतील, कदाचित एखाद्या सामन्यात तुला बाकावर बसवतील. ती किंमत मोजावी लागली तर मोज. सगळेच प्रशिक्षक असे नसतात, हेही लक्षात असू दे. १९९९ साली इंग्लंडमधल्या एफए कप स्पर्धेच्या सामन्यात शेफील्ड युनायटेडने जखमी खेळाडूसाठी चेंडू बाहेर घालवला होता; थ्रो-इननंतर तो त्यांना परत मिळण्याऐवजी आर्सेनलने त्यावर गोल केला आणि सामना जिंकला. नियमाने तो गोल पक्का होता. तरी आर्सेनलचे प्रशिक्षक आर्सेन वेंगर यांनी सामना संपताच तो पुन्हा खेळण्याची तयारी दाखवली, आणि तो खरोखरच पुन्हा खेळवला गेला. प्रशिक्षकांच्या वर्तनालाही आता मोकळे रान नाही. २०१९ पासून त्यांनाही पिवळे आणि लाल कार्ड दाखवता येते.

तुमच्या स्पर्धेत सर्वांत कमी कार्डे मिळवणाऱ्या संघाला फेअर प्ले चषक मिळतो, असे तू मागे सांगितले होतेस. तो जरूर मिळवा, पण कार्डांच्या मोजणीला फार अर्थ देऊ नका. २०१८च्या विश्वचषकात जपान आणि सेनेगल यांचे गुण, गोलफरक, केलेले गोल, सारे सारखे झाले, आणि जपानला चार तर सेनेगलला सहा पिवळी कार्डे मिळालेली असल्याने जपान पुढे गेला. पोलंडविरुद्धच्या त्या शेवटच्या सामन्यात एका गोलने मागे असताना जपानच्या खेळाडूंनी अखेरची काही मिनिटे चेंडू आपापसांत फिरवण्यात घालवली, आणि प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली. त्यांनी नियम मोडला नाही, पण खेळही केला नाही. कार्ड न मिळणे आणि नीट खेळणे यांत अंतर राहते, ते असे.

समोरचा संघ फारच दुबळा निघाला तर हेच अंतर पुन्हा दिसते. सात-आठ गोलांची आघाडी झाल्यावर चेंडू नुसता फिरवत त्यांना पळवणे मला गोल करण्याहून अपमानास्पद वाटते. मनापासून खेळा, पण नवव्या गोलनंतर नाचू नका. त्यापेक्षा, एरवी क्वचितच मैदानावर उतरणाऱ्या मुलींना खेळवण्याची विनंती प्रशिक्षकांना कर. मुलांच्या स्पर्धांमध्ये बाहेर आलेल्या खेळाडूला पुन्हा आत पाठवण्याची सोयही नियमांनी ठेवलेली आहे; ती स्पर्धेने स्वीकारली असेल तर कोणालाही पूर्ण वेळ बाकावर बसून राहण्याचे कारण नाही.

कोणाच्या रंगावरून, जातीवरून, शरीरावरून बोलणे हा ‘मैदानावरचा विनोद’ नव्हे. अशा अपमानकारक भाषेला थेट लाल कार्ड आहे. पंचांनी ऐकले नसेल तरी तू ऐकलेस, हे पुरेसे आहे.

वयाच्या खोट्या दाखल्यांविषयी तू दबक्या आवाजात एकदा बोलली होतीस. हा प्रकार वरपर्यंत चालतो. म्हणूनच फिफाने २००९च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकापासून मनगटाच्या एमआरआयने वय पडताळायला सुरुवात केली. तुमच्या वयात दीड-दोन वर्षांचा फरक म्हणजे उंची, वजन आणि वेग यांचा फरक. दाखला खोटा असेल तर खरोखर चौदा वर्षांखालील असलेली एखादी मुलगी संघाबाहेर राहते, आणि आत असलेल्यांना टॅकलमध्ये इजा होण्याचा धोका वाढतो. मात्र तुला कोणाबद्दल शंका आली, तर त्या मुलीला कोंडीत पकडू नकोस आणि कुजबुजही करू नकोस. दाखला तिने बनवलेला नसतो, मोठ्यांनी बनवलेला असतो, आणि मोठ्यांशी मोठ्यांनीच बोलावे. मला कळव; पुढचे मी पाहीन.

क्लबने पाठवलेली आचारसंहिता मी वाचली आहे आणि पालकाच्या जागी सही केली आहे. खेळाडूंनी काय करू नये, याची यादी तीत भरपूर लांब आहे. पण खेळाडूची तक्रार प्रशिक्षकांविरुद्धच असेल तर ती कोणाकडे न्यायची, याबद्दल एक ओळही नाही, आणि मुलींच्या संघाला तर ती आधी हवी. मी सचिवांना तसे लिहून विचारले आहे. कर्णधार या नात्याने तूही पुढच्या बैठकीत त्या व्यक्तीचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक मागून घे, आणि तो तुमच्या खोलीच्या दारावर सर्वांना दिसेल असा लाव.

तुझा,
बाबा