लष्करी सर्वेक्षकांचे कौशल्य मुंबईच्या कामी यावे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये जाहीर झाली आणि तिच्यातून भरती झालेल्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षांची सेवा २०२६ च्या अखेरीपासून संपू लागेल. त्यांपैकी जास्तीत जास्त २५ टक्के जवान नियमित सेवेत राहतील, बाकीचे घरी परततील. माजी सैनिकांच्या पुनर्वसनाची चर्चा त्यामुळे पुन्हा सुरू झाली आहे, परंतु पोलीस भरती, सुरक्षारक्षक आणि बँकेच्या दारातला बंदूकधारी यांच्यापुढे ती सहसा जात नाही. सैन्यात नकाशे आणि सर्वेक्षणाचे काम करून बाहेर पडणाऱ्यांबद्दल कोणी बोलत नाही. मी स्वतः तोफखान्यात सर्वेक्षणाचे काम केले असून निवृत्तीनंतर मुंबईत याच क्षेत्रात काम करतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

हे काम नेमके काय असते, याची बाहेर फारशी कल्पना नसते. तोफ ज्या लक्ष्यावर मारा करते ते लक्ष्य तोफेजवळच्या माणसांना बहुधा दिसत नाही. त्यामुळे तोफ कुठे उभी आहे आणि तिचे तोंड नेमके कोणत्या दिशेला आहे, या दोन गोष्टी आधी मोजून पक्क्या कराव्या लागतात आणि दूरदूर पसरलेल्या सगळ्या तोफांची स्थाने नकाशावरच्या एकाच चौकटीत, म्हणजे ग्रिडवर, आणावी लागतात. देवळालीच्या तोफखाना विद्यालयात शिकलेला जवान थिओडोलाइट हे कोन मोजण्याचे यंत्र लावून प्रत्येक कोन दोन्ही फेसवर, म्हणजे दुर्बीण उलटवून दोनदा, वाचतो, आलेला आकडा न खोडता पुस्तकात टिपतो, ट्रॅव्हर्स, म्हणजे एका बिंदूवरून पुढच्या बिंदूवर नेलेली मोजणीची साखळी, ज्ञात बिंदूवर आणून बंद करतो आणि फरक मर्यादेबाहेर गेला तर थंडी असो वा पाऊस, मोजणीच्या पहिल्या बिंदूपासून पुन्हा सुरुवात करतो. इंजिनिअर कोअरमध्ये हवालदार सर्व्हेअर ऑटोमेटेड कार्टोग्राफर, म्हणजे सर्वेक्षण करून नकाशे बनवणारा हवालदार, असे पदच आहे. नौदलाच्या जलसर्वेक्षण शाखेतले जवान गोव्याच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण संस्थेत शिकून समुद्रतळाची खोली मोजतात. शस्त्राइतकीच जबाबदारी आकड्यांची असते, हे या सर्वांच्या अंगवळणी पडलेले असते.

आता मुंबईकडे पाहावे. मेट्रो ३ चे भुयार गिरगाव-काळबादेवीखालून जात असताना वरच्या जुन्या इमारतींवर मोजणीचे परावर्तक प्रिझम बसवून त्या किती मिलिमीटर खचतात किंवा कलतात, यावर सतत नजर ठेवावी लागली. ठाणे-बोरिवली जुळे बोगदे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाखालून जाणार आहेत, तर बुलेट ट्रेनच्या २१ किलोमीटर बोगद्यापैकी सुमारे ७ किलोमीटर भाग ठाणे खाडीखाली आहे. जमिनीखाली उपग्रहाचा संकेत पोहोचत नाही, म्हणून तिथे जीपीएस निरुपयोगी ठरते. शाफ्टच्या, म्हणजे बोगद्यात उतरण्याच्या उभ्या विहिरीच्या, तोंडाशी पक्के केलेले बिंदू खाली उतरवून ट्रॅव्हर्सच्याच आधारे बोगदा खणणाऱ्या यंत्राला दिशा द्यावी लागते. दिशेत कोनाच्या अवघ्या दहा सेकंदांची (एक सेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) चूक राहिली तर एक किलोमीटरवर ती जवळपास पाच सेंटीमीटर होते आणि दुरुस्त केली नाही तर पुढे वाढतच जाते. अंधारात, चिखलात, यंत्रांच्या गोंगाटात, रात्रपाळीला मोजणी करून तिची स्वतः फेरतपासणी करणारा माणूस इथे हवा असतो. सैन्यात अशी माणसे तयारच असतात.

बंदराचीही हीच गोष्ट आहे. मुंबई बंदर आणि जवाहरलाल नेहरू बंदर यांच्या वाटांमध्ये गाळ साचतच राहतो, तो काढण्याआधी आणि काढल्यानंतर खोली मोजावी लागते आणि त्या मोजणीवर कंत्राटदाराचे देयक ठरते. दरम्यान, १५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र सरकारने भारतीय संस्थांना नकाशे तयार करण्यासाठी लागणारी पूर्वपरवानगीची अट काढून टाकली, त्याच वर्षी ड्रोन नियमही बदलले, आणि खासगी क्षेत्रात हे काम कितीतरी वाढले.

काम आहे आणि ते करणारी माणसेही आहेत, मग अडते कुठे? सर्वांत मोठी अडचण कागदाची आहे. राज्याच्या भूमी अभिलेख विभागातील भूकरमापक, म्हणजे जमीन मोजणाऱ्या कर्मचाऱ्याच्या, पदासाठी स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका किंवा दहावीनंतर आयटीआयचे दोन वर्षांचे सर्व्हेअर प्रमाणपत्र मागितले जाते. गट क आणि गट ड मध्ये माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे, परंतु आयुष्यभर सर्वेक्षणच केलेल्या सुभेदाराकडे आयटीआयचा कागद नसेल तर राखीव जागेसाठीही तो अपात्र ठरतो. केंद्राच्या नियमात तर याहून विचित्र स्थिती आहे. किमान पंधरा वर्षे सेवा केलेल्या दहावी उत्तीर्ण माजी सैनिकाला गट क मधील राखीव पदांसाठी पदवीधरासमान मानता येते, पण ही सवलत मुख्यतः तांत्रिक अनुभवाची अट नसलेल्या पदांपुरती आहे. म्हणजे ज्या कारकुनी कामाचा त्याला अनुभव नाही तिथे तो पदवीधर धरला जातो आणि ज्या कामात त्याची हयात गेली तिथे त्याला दार बंद असते. ही तरतूद करणाऱ्यांचा हेतू चांगला होता, याविषयी मला शंका नाही. तिचा परिणाम मात्र माझ्या सहकाऱ्यांच्या वाट्याला आला आहे.

खासगी कंपन्यांमध्ये अडचण निराळी असते. मुलाखतीत पहिला प्रश्न येतो, आधीच्या कामाची ड्रॉइंग दाखवा. आम्ही तयार केलेले नकाशे आणि निर्देशांक गोपनीय असतात. ते जवळ बाळगणेही गुन्हा आहे आणि तसेच असले पाहिजे. राहते डिस्चार्ज बुक, आणि त्यात ट्रेडचे, म्हणजे सैन्यातल्या कामाच्या प्रकाराचे, नाव दोन-तीन इंग्रजी आद्याक्षरांत लिहिलेले असते. पवईतल्या एका सल्लागार कंपनीत ती अक्षरे पाहून मनुष्यबळ विभागातील बाईंनी मला सुरक्षा विभागाकडे पाठवले. त्यांनी अपमान करण्यासाठी ते केले नव्हते. त्या अक्षरांचा अर्थ सांगणारा एकही कागद माझ्या फाइलमध्ये नव्हता.

आमच्या बाजूच्या उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात, कारण त्या लपवून नोकरी टिकत नाही. कोन मोजताना तोफखान्यात वर्तुळाचे ६४०० भाग करतात, त्यांना मिल्स म्हणतात, नागरी कामात अंश, मिनिटे आणि सेकंद. हा बदल आठवड्याभरात अंगवळणी पडतो. उंचीचे तसे नाही. सैन्यात उंची समुद्रसपाटीपासून धरण्याची सवय असते, पण मुंबई महानगरपालिकेच्या कित्येक आराखड्यांतील उंची टाउन हॉल डेटम या शहराच्या वेगळ्या शून्य पातळीपासून मोजलेली असते आणि बंदराच्या नकाशावरची खोली त्याहून वेगळ्या चार्ट डेटमपासून. गटार, पूल आणि धक्का यांच्या आराखड्यांत तीन वेगवेगळ्या शून्यांवरून आलेले आकडे एकाच टेबलावर येतात आणि कोणता आकडा कोणत्या शून्यावरचा आहे, हे न विचारता काम सुरू करणारा माणूस, मग तो कितीही अनुभवी असो, गोत्यात येतो. जमिनीच्या नोंदीसाठी शहर भागात सीएस नंबर आणि उपनगरात सीटीएस नंबर, मिळकत पत्रिका, सातबारा, गटाची हद्द, लगतच्या खातेदारांना नोटीस, हे आम्हाला कोणी शिकवलेले नसते. सैन्यात जमिनीला उंची आणि उतार असतो, मालक नसतो. नागरी मोजणीत मालक समोर उभा असतो आणि मोजणीनंतर कोर्टातही जाऊ शकतो. आराखडे काढण्याचे सॉफ्टवेअर ऑटोकॅड आणि कामाची मोजमापे नोंदवायची मापन पुस्तिका यांचीही तीच कथा. परंतु हे सर्व काही महिन्यांत शिकता येते. चुकलेली मोजणी कोणी न सांगता पुन्हा करण्याची सवय मात्र काही महिन्यांत लागत नाही.

लष्करी सर्वेक्षकाने नागरी काम करणे या प्रदेशाला नवे नाही. १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात मुलकी अधिकारी गोल्डस्मिड यांच्याबरोबर जमिनीची पाहणी सुरू करणारे विन्गेट हे बॉम्बे इंजिनिअर्सचे अधिकारी होते आणि रयतवारीची पुढची मोजणी त्याच पायावर उभी राहिली. मुंबई बेटाचे १८६५ ते १८७२ या काळात तपशीलवार सर्वेक्षण करणारे लाफ्टन हेही लष्करी अधिकारीच होते.

म्हणून राज्य शासनाला विनंती आहे की, भूकरमापक आणि तत्सम पदांच्या सेवाप्रवेश नियमांत सैन्यदलांतील सर्वेक्षण प्रशिक्षण आणि ठरावीक वर्षांचा अनुभव आयटीआय प्रमाणपत्राशी समकक्ष मानावा. हवी तर प्रत्यक्ष यंत्रावर परीक्षा घ्यावी. त्या परीक्षेला आमच्यातला कोणी घाबरणार नाही. एमएमआरडीए, महानगरपालिका आणि मेट्रो महामंडळ यांच्या निविदांमध्ये सर्वेक्षकासाठी बहुधा केवळ पदविकेचा उल्लेख असतो, तिथेही लष्करी अनुभवाची एक ओळ वाढवता येईल. निविदेतच ती नसली तर कंत्राटदाराची इच्छा असूनही तो आमचे नाव पुढे करू शकत नाही. महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळाने सुरक्षारक्षक पुरवण्याची व्यवस्था उत्तम उभी केली आहे, त्याच धर्तीवर सर्वेक्षण पथके पुरवण्याचा विचार करावा, असे मला मनापासून वाटते.

आणि जे अजून गणवेशात आहेत त्यांना एवढेच सांगतो की, शेवटच्या वर्षाची वाट पाहू नका. पुनर्वसन महासंचालनालयाचे निवृत्तीपूर्व अभ्यासक्रम निवडताना सर्वेक्षण, जीआयएस (संगणकावर नकाशे आणि त्यांची माहिती हाताळण्याची पद्धत) किंवा ड्रोनचा अभ्यासक्रम आहे का, हे आधी पाहा. क्यूजीआयएस हे जीआयएसचे सॉफ्टवेअर मोफत आहे, सुट्टीत घरच्या संगणकावर शिकता येते. युनिट सोडण्यापूर्वी कमान अधिकाऱ्यांकडून अनुभवाचे पत्र मागून घ्या आणि त्यात ठिकाणांचा किंवा मोहिमांचा उल्लेख न करता कोणती यंत्रे वापरली, किती वर्षे वापरली, किती अचूकतेचे काम केले आणि किती माणसांचे पथक सांभाळले, एवढे साध्या भाषेत लिहून घ्या. गोपनीयतेला त्याने धक्का लागत नाही आणि मुलाखत घेणाऱ्याला आपण काय करत होतो ते कळते. माझ्याकडे ते पत्र आले ते युनिटशी पत्रव्यवहार करून, निवृत्तीनंतर बऱ्याच काळाने, आणि ते आल्यानंतरच मला सध्याचे काम मिळाले.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त सुभेदार, मुलुंड (पूर्व), मुंबई